बाइंडिंगला गेलेला खंड

प्रिय बबडे,

रविवारी तू फोनवर रडलीस आणि मी "बघू, होईल सगळं नीट" एवढं म्हणून फोन ठेवला, त्याला आज चार दिवस झाले. टिल्लूच्या प्रगतिपुस्तकात वाचनापुढे पुन्हा लाल रेघ आली, आठ वर्षांची घोडी झाली तरी जोडाक्षर आलं की अडते, तू तिला नाही नाही ते बोललीस आणि ती कपड्यांच्या कपाटात दार लावून बसली, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. मग म्हणालीस, "माझ्यावरच गेलीये कार्टी. आळशी. माझ्या बाईंनी लिहूनच दिलं होतं ना तुला." तू "हॅलो, हॅलो" करायला लागलीस. तुला वाटलं फोन कट झाला. कट झाला नव्हता गं. मला बोलता येत नव्हतं, म्हणून हे पत्र.

जिला सगळे शूबाई म्हणायचे तीच गप्प बसली, याचं तुला हसू येईल. बालविभागात आवाज झाला की मी ओठांवर बोट ठेवून 'शू' करायचे, आणि पोरांनी त्यातला दुसरा अर्थ धरूनच ते नाव ठेवलं होतं. तूही घरी चिडवायचीस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अजून बाजारात एखादा दाढीमिशावाला बाप्या "शूबाई!" म्हणून हाक मारतो आणि मग स्वतःच लाजतो. मुलांना वाचायची गोडी लावणारी बाई म्हणून लोक मला मान देतात. त्या मानाचीच मला लाज वाटते. का, ते सरळ सांगायचा धीर होत नाहीये, म्हणून जरा वळसा घालून येते आहे. सांभाळून घे.

मुलांची पुस्तकं मी कोपऱ्यांवरून ओळखते. ज्याचे कोपरे दुमडलेत, पाठीला चिकटपट्टीचे दोन थर चढलेत, मधल्या पानात बिस्किटाचा चुरा अडकलाय, ते पुस्तक चांगलं. बक्षीस मिळूनही जे कोरं करकरीत राहिलं, ते मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेलं. एवढी साधी गोष्ट कळायला मला बरीच वर्षं लागली. तोवर मी काय केलं, तर पुस्तकांच्या पाठीवर रंगीत चिकट्या लावल्या. पिवळी सात वर्षांपर्यंत, हिरवी दहापर्यंत, निळी त्यापुढे. नऊ वर्षांचं मूल पिवळं पुस्तक घेऊन टेबलाशी आलं की मी चष्म्यावरून बघायचे, "हे बाळांचं आहे राजा, तू मोठा झालास ना?" मूल मुकाट्याने पुस्तक परत ठेवायचं. त्यातली काही मुलं पुन्हा आलीच नाहीत. वर्षाअखेरीला त्यांची कार्डं काढून टाकताना मी मनात म्हणायचे, या घरात वाचनाची आवड नाही, त्याला आपण काय करणार.

तू चार वर्षांची असतानाच वाचायला लागलीस, हे मी चारचौघांत सांगत सुटले होते. ग्रंथपालाचीच मुलगी, वाचणारच, असं लोक म्हणायचे आणि मी फुलून जायचे. एके दिवशी तू पायरीवर बसून खडाखडा वाचत होतीस, तेव्हा तुझ्या बाबांनी हळूच खूण करून दाखवलं, पुस्तक उलटं होतं. तुला सगळं पाठ होतं, पान कधी उलटायचं तेसुद्धा. बाबा पोट धरून हसले. मीही हसले, आणि पुस्तक सुलटं करून तुझ्या हातात दिलं. पहिली गेली, दुसरी गेली, आणि 'घर' आणि 'रघ' यातला फरक तुला सांगता येईना. सातव्या वाढदिवसापासून मी तुला वाचून दाखवणं बंद केलं. वाचून दाखवलं की मुलं आळशी होतात असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी किती आयांच्या गळी उतरवलंय त्याची गणती नाही. तू पुस्तक घेऊन माझ्या मागे मागे फिरायचीस. मी म्हणायचे, "आता तुझं तू वाच."

आणि इकडे दर शनिवारी मी बालविभागात सतरंजी घालून दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवत होते. वाघाचा आवाज, म्हातारीचा आवाज, सगळं. एका शनिवारी वाचताना मला मासिकांच्या कपाटाखालून दोन बूट दिसले. उजव्याची नाडी नेहमीसारखी सुटलेली. तू शाळेतून परस्पर येऊन कपाटामागे उभी राहून ऐकत होतीस, आणि ते पहिल्यांदाच नव्हतं हे मला नंतर कळलं. मी गोष्ट थांबवली, तुला सगळ्यांसमोर बाहेर काढलं आणि म्हणाले, "हे लहान मुलांसाठी आहे." तू आठ वर्षांची होतीस. टिल्लूएवढी. रविवारी तू तिच्या कपाटाचं सांगितलंस तेव्हा मला ते बूटच दिसले.

त्यानंतर तू मागच्या खोलीत बाइंडरमामाकडे बसायला लागलीस. खळ लावायची, दोरा ओवायची, पुठ्ठा कापायची. आज तू सुतारकाम करतेस, तो हात तिथेच बसला, असं मी लोकांना कौतुकाने सांगते. तो पानं जुळवताना सगळं मोठ्यांदा वाचायचा, आठवतं? मी दोनदा जाऊन त्याला दटावलं, ग्रंथालयात आहोत म्हणून. तो म्हणायचा, "सवय आहे हो बाई, तोंड चालल्याशिवाय हात चालत नाही." तू असताना पानं जुळवायला त्याला दुप्पट वेळ का लागायचा, हे मला परवा कुठे सुचलं. त्याला कळलं होतं. त्याने मला शिकवायचा आव आणला नाही, फक्त वाचत राहिला.

आता मुद्द्यावर येते. त्याच वर्षी तुझ्या वर्गाच्या बाईंनी तुझ्या हाती मला चिठ्ठी पाठवली होती. तू ती थेट ग्रंथालयात आणून दिलीस. मी टेबलाशी उभी राहून वाचली, आणि मग ती कुठे ठेवावी हे मला कळेना. घरी बाबांच्या हाती लागली असती. फाडायला हात धजेना. पण कोणतं पुस्तक कोणी कधीच नेणार नाही, हे ग्रंथपालाइतकं कोणाला ठाऊक असतं? संदर्भ विभागात 'शहराच्या सांडपाणी व्यवस्थेचा अहवाल' होता, दोन खंड. पहिलाच कोणी नेत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याची काळजीच नव्हती. त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला कार्डासाठी जो कागदी खिसा असतो, त्यात मी चिठ्ठी सरकवली. एकदाच, खूप वर्षांनी, एक निवृत्त इंजिनिअर काठी टेकत आले आणि त्यांनी नेमका तोच खंड मागितला. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बाइंडिंगला गेलाय." ते तीनदा आले, तीनदा मी तेच सांगितलं. खंड माझ्यामागे हातभर अंतरावर होता. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मला फुलं दिली, भाषणं झाली, आणि त्या गडबडीत मी तो खंड पिशवीत घालून घरी आणला. तुझ्या पगारदार, मानाच्या आईने केलेली ती एकुलती एक चोरी.

पत्रात 'परवा आवराआवरीत एक चिठ्ठी सापडली' असं लिहायचं मी ठरवलं होतं. तसा एक कागद लिहूनही झाला होता, तो फाडला. सापडली बिपडली काही नाही. ती कुठे आहे हे मला अठ्ठावीस वर्षं रोज माहीत होतं.

लिहिता लिहिता आणखी एक लक्षात आलं. तू शिकायला बाहेर गेलीस तेव्हापासून मी तुला किती पत्रं पाठवली, सगळी माझ्या बारीक, गिचमिड अक्षरात. तू फोनवर नुसतं "मिळालं" म्हणायचीस आणि मी रुसायचे, की हिला आईच्या पत्राची किंमत नाही. म्हणून हे मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून लिहिलंय. घाई करू नकोस. दमलीस तर जावईबापूंकडून वाचून घे. ऐकणं हेही वाचणंच असतं, हे मी सतरंजीवरच्या सगळ्या मुलांना शिकवलं, फक्त तुला शिकवलं नाही. टिल्लूला तपासून घ्या. वाचताना अशा अडणाऱ्या मुलांसाठी आता जाणकार माणसं असतात, मी चौकशी केली आहे, नंबर पाठीमागे लिहिलाय. आणि तिला बोलू नकोस, बबडे. तिच्याजवळ बसून वाच. मला येऊ दिलंस तर मी येईन आणि वाचीन, वाघाच्या आवाजासकट. नको म्हणालीस तर त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी तू टेबलाला हनुवटी टेकवून मला विचारलं होतंस, "आई, बाईंनी काय लिहिलंय?" चिठ्ठी घडी न घालता दिलेली होती, सगळ्या रस्त्याने ती उघडी तुझ्या हातात होती, आणि तुला ती वाचता आली नव्हती. म्हणून मला खोटं बोलता आलं. मी म्हणाले, "तू आळशी आहेस असं लिहिलंय." तू मान खाली घातलीस आणि ते खरं मानलंस, आजपर्यंत. आता तेच तू टिल्लूच्या गळ्यात बांधते आहेस, ते मला बघवेना. माझ्या डोक्यात लोक काय म्हणतील हेच बसलं होतं गं, ग्रंथपालाच्या मुलीला वाचता येत नाही म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. चिठ्ठी या पत्रासोबत पाठवते आहे. शाई फिकी झाली आहे, पण बाईंचं अक्षर मोठं, सुटं आहे. चारच ओळी आहेत. पहिली आहे, "मुलगी आळशी नाही." पुढच्या तीन मी सांगणार नाही. चिठ्ठी तूच आणली होतीस, तूच वाच.

अजून म्हणू देणार असलीस तर, तुझीच,
आई