रेड्याची डबी

३ नोव्हेंबर, सकाळी
म्हातारे, काल काय सांगितलंस ते आज विसरलीस ना? म्हणून ही वही. सांगणारी मी, वाचणारीही मीच, आणि मला वाचता येत नाही. याहून पक्कं गुपित कुठलं? सूनबाई नुसती लिहिते. तिचं लक्ष नसतं.

कॉलनीच्या ऑफिसातला तपासनीस आला. म्हणाला, जमिनीतून गॅस येतो, रेडॉन. मला ऐकू आलं रेडा. वास नाही, रंग नाही. फरशीच्या भेगांतून वर येतो, वर्षानुवर्षं छातीत साठतो, कॅन्सर करतो. म्हणजे यमाचाच की! तळघरातल्या माझ्या खोलीत त्याने गॅस मोजायला कोळशाची डबी उघडून ठेवली. चार दिवस हलवायची नाही, खिडक्या बंद. मुलाने जाहीर केलं, आकडा चारच्या वर गेला तर नातीने खाली झोपायचं नाही. सहा वर्षांची पोर, अंगावरचं दूध सुटल्यापासून माझ्या कुशीत झोपते.

मी घाबरले नाही. डोक्यावरून शाल घेतलीय ती थंडीने.

४ नोव्हेंबर
डबी उचलली, वरच्या गॅलरीत कुंडीमागे ठेवली. मोकळ्या हवेत रेडा काय करणार? कुणाला पत्ता नाही. सूनबाईचं पेन मधेच थांबलं. म्हटलं, लिही गं, शाई संपली का?

६ नोव्हेंबर
नात दोनदा खोकली. सर्दी असेल. भेगांत जुने मोजे कोंबले. सात. आठवा कुठे गेला देव जाणे. उद्या सुनेला सगळं सांगून टाकणार. नक्की.

७ नोव्हेंबर
सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं. तपासनीस यायच्या आत डबी परत जागेवर. तो म्हणाला, आजी, छान सांभाळलीत. मी त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले.

१२ नोव्हेंबर
दुपारी पोर झोपली. तिचे श्वास मोजत बसले. वीसच्या पुढे मला येत नाही, मग पुन्हा एकपासून. आकडा कमी आला तर ती माझ्याजवळ राहील. आणि रेडाही राहील. हे आधी कसं सुचलं नाही? उद्या सांगणारच. सूनबाई म्हणाली, आई, आत्ताच सांगा की. म्हटलं, तू तुझं लिहायचं काम कर.

१५ नोव्हेंबर, दुपारी
रिपोर्ट आला. मुलाने वाचला, आकडा अर्धासुद्धा नाही! तो हसला आणि मला रडू फुटलं. गॅलरी, कुंडी, मोजे, सगळं ओकले. सूनबाईने दुसरं पाकीट पुढे केलं. चार तारखेलाच तिने आणखी एक डबी आणून माझ्या कपाटावर ठेवली होती, माझी नजर पोचत नाही तिथे. तिचा आकडा अकरा.

विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, तुम्हीच, आई. माझ्याकडे लेखी आहे.

१६ नोव्हेंबर
गॅस बाहेर काढायचा पाइप आणि पंखा बसेपर्यंत खालच्या खोलीत कुणी राहायचं नाही. नात उशी काखोटीला मारून आईबापाच्या खोलीत पळाली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी ठरवलं, रेड्याला भीक घालणार नाही, खालीच राहणार. दहा वाजता ठरवलं. सव्वादहाला वर आले.

इस्त्रीच्या टेबलाशेजारी माझी खाट टाकली आहे. आता कुणाशी बोलणार नाही. जेवणारही नाही. सूनबाई, एवढं लिही आणि वही मीट. मग मऊ पाव आणि गरम दूध पाठव. पोरीच्याच हातून. दोघींना पुरेल एवढं.