राजाच्या बागेतली काडी

र्युसेल्सहाइम,
रविवार, ८ जून २०२५

तीर्थरूप वासुदेवराव भावोजींच्या सेवेशी,
दीनानाथचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि आक्काचं बीपी दोन्ही ताब्यात असतील, असं धरून चालतो. तुम्ही ठेवून गेलेल्या मेतकुटावर आमच्या सकाळी अजून चालल्या आहेत. वर्कशॉपला काम उदंड. ऊन तापलं की लोकांच्या कंप्रेसरना धाप लागते आणि माझी चूल पेटते. सरिता माझा संसार सांभाळून मजेत. एकूण छान चाललं आहे.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला कागद-पेन कुठून सुचलं? फोन केला की आक्का तो स्पीकरवर टाकते. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही हात जोडलेलं चित्र पाठवता आणि विषय मिटतो. आमचा शेजारी हृषिकेश मंगळवारी पुण्याला निघालाय. त्याला बजावलंय की पाकीट साहेबांच्याच हातात द्यायचं. गच्चीवर बसून, एकटे असताना वाचा.

गेल्या फोनवर तुम्ही सगळ्यांची चौकशी केलीत. शमिकाची नाही. म्हणून मीच सांगतो.

तिचं औसबिल्डुंग, म्हणजे बागेतली उमेदवारी, दुसऱ्या वर्षात आहे. गेल्या महिन्यात आमच्या टेबलावर तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय ना? "अहो दीनानाथ, डार्मश्टाटचं विद्यापीठ पोरीच्या दारात, आणि ही माळीकाम शिकते? आमच्या सोसायटीचा माळी पोराला इंजिनियर करतोय आणि तुम्ही उलटे निघालात!" सगळे हसले. मीही हसलो. जावयाच्या विनोदाला हसायचं, हे आमच्या घरात दात येण्याआधी शिकवत. शमिका ताट उचलून आत गेली. तिची पावलं कशी वाजली ते मी ऐकलं. तुम्ही तोवर आणखी आमरस मागितला होता.

तरीही दुसऱ्या दिवशी तिने तुम्हाला आणि आक्काला बाग दाखवायला नेलं. रागाने नाही, हौसेने. आपले काका गच्चीवर एवढी झाडं लावतात, त्यांना तरी कळेल, असं तिला वाटत होतं.

ती बाग तुम्ही पाहिलीत. दोनशे वर्षांपूर्वी कुणा राजाने टेकडी हलवून, तळं खोदून केलेली. सगळं आपोआप उगवल्यासारखं दिसतं, आणि त्यातलं एकही झाड आपोआप उगवलेलं नाही. वाट वळते आणि पाण्याकाठी तांबूस-काळ्या पानांचं ते बीच नावाचं झाड एकदम समोर यायला हवं, अशी सगळी रचना. यंदा त्याला पालवीच फुटली नाही. सलग कोरडे उन्हाळे, मुळांना बुरशी. त्या वळणावर नुसता सांगाडा उभा होता, आणि तरी तुम्ही थबकलात. शमिकाने सांगितलं की त्याच्या जागी दुसरं कुठलंही बीच चालत नाही. पानांचा तोच रंग, फांद्यांची तीच ठेवण हवी, म्हणजे त्याचंच कलम हवं. फेब्रुवारीत शेवटच्या जिवंत फांद्यांच्या काड्या काढून खुंटांवर बांधल्या. बीचचं कलम लागणं महाकठीण. सगळी गेली. एक लागलं. ते शमिकाने बांधलेलं होतं.

ते बघायला तुम्ही कुंपणामागे गेलात. तिथे बाहेरच्यांना नेत नाहीत. ती अडखळली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आम्ही काय बाहेरचे?" आणि कुंपणाबाहेर थांबलेला मी म्हणालो, "दाखव गं काकांना."

दुसऱ्या सकाळी ते कलम कापलेलं सापडलं. सांध्याच्या लगेच वर. खाली नुसता खुंट.

आता पुढचं ऐका. ज्यांच्या हाताखाली ती शिकते त्या फ्राउ हालरना तिने सांगितलं, माझ्या हातून कुंडी पडली आणि तुटलं. त्या बाईंचं आयुष्य कलमं बांधण्यात गेलंय. म्हणाल्या, तुटलेलं आणि कापलेलं मला कळतं. हा पात्याचा काप आहे. खोटं का बोलतेस? कुणाला दिलंस? अशा काड्या हौशी लोक गुपचूप घेतात म्हणे. इथे कामावरून स्क्रू उचलला तरी माणूस त्याच दिवशी घरी जातो, ही तर काडी. तिला कलमांच्या शेडमध्ये पाऊल टाकायला बंदी आहे. १७ तारखेला, मंगळवारी, ऑफिसात बोलावलंय. सोबत एक माणूस चालतो, मी जाणार. ती उमेदवार राहते की चोर ठरते, ते तिथे ठरेल.

घरी विचारलं की म्हणते, "पपा, लास दास. सोड ना. माझ्या हातून तुटलं." परत विचारलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. मशीन असं एकसारखं वाजायला लागलं की मी झाकण उघडतो.

पण झाकण उघडावं लागलं नाही. परवा आक्काचा व्हिडिओ कॉल होता. ती मोगरा दाखवत होती आणि मागे तुम्ही शेजारच्या श्यामकांतरावांशी बोलत होतात. तुम्हाला वाटलं, एवढ्या लांबचं ऐकू जात नाही. भावोजी, आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून मी कानांवर पोट भरलंय. बेअरिंग जायच्या आधी ते मला कळवतं. तुम्ही म्हणालात, "जर्मनीच्या राजाच्या बागेतली काडी आहे! मागून आणलेली लागत नाही हो श्यामकांतराव, गुपचूप आणलेलीच लागते." आणि दोघं खो-खो हसलात.

आता मला लिहिताना हात आवरत नाहीये.

तुमची गच्ची मला पाठ आहे. ही जास्वंद उटीच्या हॉटेलातली, ते जरबेरा कलेक्टरच्या बंगल्यातलं, एक कुंडी विकत घेतलेली नाही, याची तुम्हाला केवढी मिजास! आमच्या चिंचवडच्या दारातला सोनचाफाही तुम्ही असाच ओरबाडलात. वडील खिडकीतून बघत होते. म्हणाले, "जावई आहेत, नेऊ दे." नेऊ दे, नेऊ दे करत आमच्या अख्ख्या घराला पोक आलं. शमिकाचं कलम कापलंत तो चाकूही सरितानेच तुम्हाला भेट दिलेला. काडी ओल्या रुमालात गुंडाळून दाढीच्या डब्यातून नेलीत ना? आणि पुण्याच्या जूनमध्ये बीच लावायला निघालात! लोणी तव्यावर ठेवून ते टिकेल म्हणण्यातला प्रकार. वाळली आहे ती. कोपऱ्यातल्या निळ्या कुंडीत मी पाहिली.

त्या झाडाचा तो शेवटचा जिवंत तुकडा होता, भावोजी. दुसरा कुठे नाही. आणि माझ्या पोरीच्या हाताला आलेलं ते पहिलं यश होतं.

माफी मागू नका. १७ तारखेला, तुमच्याकडच्या दुपारी दीडला, मी त्या ऑफिसातून व्हिडिओ कॉल लावीन. बँकेत फॉरेन एक्स्चेंज सांभाळलंत, इंग्लिशची अडचण नाही. समोर या आणि एवढंच म्हणा: मी कापलं, मुलीला माहीत नव्हतं. या पत्राचं शमिकाला माहीत नाही. ती तुमचं नाव घेणार नाही, अगदी नोकरी गेली तरी. आत्याच्या घरचा मान राखायचा, हे तिने आमच्याकडे बघूनच उचललं, आणि आज मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतोय.

तुम्ही आला नाहीत, तर नाव मी घेईन.

आक्काला यातलं काही बोलू नका. बोलायचं ते तुम्ही त्या खोलीत बोला.

आपला,
दीनानाथ


र्युसेल्सहाइम,
शनिवार, २१ जून २०२५

वासुदेवराव,
नमस्कार.

तुम्ही कॉल बंद केलात त्यानंतर काय झालं, ते तुम्हाला कळायला हवं म्हणून हे दुसरं पत्र. हे साध्या पोस्टाने येईल. आक्काने आधी फोडलं तरी माझी हरकत नाही.

तुम्ही आलात, हे मान्य. इस्त्रीचा शर्ट, मागे कुंड्यांची रांग. क्षणभर मला वाटलं, मी या माणसाला उगाच लागट लिहिलं. शमिकाने तुम्हाला स्क्रीनवर पाहिलं आणि माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते लिहीत नाही. फ्राउ हालरनी साधं विचारलं, "कलम तुम्ही कापलंत का?"

आणि तुम्ही सुरू झालात. "इन आवर कल्चर, मॅडम." आमच्याकडे काडी नेणं म्हणजे चोरी नसते, प्रेम असतं. आमच्याकडे झाडाला देव मानतात. आमच्याकडे अमुक, आमच्याकडे तमुक. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे हो? मीही तिकडचाच आहे. आणि शेवटी हसून, "शी हरसेल्फ गेव्ह इट टू मी. भाची आहे माझी, लाडाने दिली."

खोलीत काय झालं ते तुमच्या स्क्रीनवर दिसलं नसेल. फ्राउ हालरनी पेन खाली ठेवलं. शेजारी माझी पोर खुर्ची ओढून स्क्रीनसमोर सरकली.

मग ती बोलली. मराठीत. समोर तीन जर्मन बसलेले, त्यांतल्या एकालाही कळू नये म्हणून मराठीत. तेव्हासुद्धा ती तुमचीच लाज झाकत होती.

"काका, तुम्ही मागितलंत तेव्हा मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, बरं बेटा. आत्याला चक्कर येत होती, मी तिला बाकावर बसवायला नेलं. तुम्ही बरं म्हणाला होतात, म्हणून मी तुमच्याकडे पाठ केली. कुंडी पडली असं मी तुमच्यासाठी सांगितलं, काका. आता तरी खरं बोला ना."

तुम्ही काय म्हणालात? "हॅलो? हॅलो? व्हॉइस ब्रेक होतोय." वासुदेवराव, आवाज तुटत नव्हता. आवाज हा माझा विषय आहे. तुमच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीसुद्धा आम्हाला स्वच्छ ऐकू येत होती.

फ्राउ हालर माझ्याकडे वळल्या. "ती काय म्हणाली?" शमिकाने टेबलाखालून माझी बाही धरली. "पपा, बिट्टे. नको."

मी भाषांतर केलं. शब्द न शब्द. "बरं बेटा" सुद्धा. माझं जर्मन वर्कशॉपमधलं, व्याकरण चारही पायांनी लंगडतं. त्या दिवशी कुठे अडलं नाही. मी "पाठ केली"पर्यंत आलो आणि तुमचा स्क्रीन काळा झाला. पुढचं मी काळ्या स्क्रीनसमोर सांगितलं.

चोरीचा विषय तिथेच संपला. कुंपणाच्या आत माणसं नेली आणि खोटं बोलली, म्हणून तिला आबमानुंग मिळाली, म्हणजे लेखी ताकीद. ती तिने मान खाली घालून घेतली. म्हणाली, ही माझी आहे. उमेदवारी शाबूत आहे. नंतर फ्राउ हालर तिला शेडमध्ये घेऊन गेल्या. मी दाराशी थांबलो. खुंट जोमात आहे, खालून कोंब काढलाय. पण खुंट म्हणजे कुठलंही बीच, त्याचं पान हिरवं. दोघी कितीतरी वेळ त्या हिरव्या पानाकडे बघत होत्या. जुनं झाड शरदात पाडतील. दोनशे वर्षं त्या वळणावर माणूस थबकायचा. आता तिथे काय लावायचं यावर मीटिंगा चालल्या आहेत. तुम्ही तुमच्या निळ्या कुंडीत काय लावलंत, कळवू नका.

शमिका दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा करता करता म्हणाली, "तू मला न विचारता त्यांना बोलावलंस. मी नको म्हणत असताना बोललास." बरोबर आहे तिचं. मी म्हटलं, "हो." मग म्हणाली, "आत्याला कोण सांगणार?"

"मी."

"ती रडेल, पपा."

"रडू दे. आपल्या घरात इतकी वर्षं कुणी न रडल्यामुळेच हे झालंय."

तिला ते पटलं नाही. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि कामावर गेली.

दिवाळीत आम्ही पुण्याला येतोय. आक्का माझी बहीण आहे, भाऊबीजेला तिच्याकडे येणारच. तुम्ही घरी असलात तर माझ्यासाठी खुर्चीतून उठू नका. मीही वाकणार नाही. शमिकाला मी सांगितलंय की तुला वाकायची गरज नाही. पण मी तिला ओळखतो. ती तुमच्या पायाशी वाकेल. त्या वेळी तुमचे पाय जागेवर राहतात की लाजेने मागे सरतात, तेवढं मला उभं राहून बघायचं आहे.

शमिकाचा बाप,
दीनानाथ