धुरेवरचं वजन

प्रिय तनू,

काल फोनवर तू "आबा, पास! सुकाणू दोन बोटांवर होतं!" म्हणून ओरडलीस आणि मी मोठ्यानं नवल केलं. ते नवल जरा नाटकीच होतं, पोरी.

पिशोरच्या बाजाराला आपण बैलगाडीनं जायचो, आठवतं? मक्याची पोती मागं जास्त झाली की गाडी उलाळ व्हायची, जू मानेवरून उचलायचं. पुढं झाली की धुरजड, जू मानेत रुतायचं. उरलासुरला तोल तुझ्यावर. "तने, मागं सरक." "अजून किती? पडंन ना मी!" तू वीतभर सरकलीस की जू हलकं बसायचं, कासरा दोन बोटांत यायचा अन् मी बैलांना शाळेतल्या कविता ऐकवायला मोकळा. बैल कान हलवायचे. दाद देणारे श्रोते मला पुन्हा भेटले नाहीत.

मागच्या परीक्षेत ऑटोपायलट काढल्यावर तू सुकाणूशी झोंबत राहिलीस आणि नापास झालीस. आता चुकलं तर नोकरी गेली, म्हणत रडलीस. रडता रडता तूच मला समजावलंस: उतरताना वेग बदलतो, पंखांच्या फळ्या खाली येतात, तसं विमानाचं नाक ओढ घेतं. ती ओढ हातानं दाबून धरायची नाही; अंगठ्याखालच्या ट्रिमच्या बटणानं काढून टाकायची. बोलता बोलता थांबलीस. "आबा, हे तर आपल्या गाडीवानीच!" मी म्हणालो, "मला काय इचारती? मी कुठं इमानात बसलोय?"

काल बसलो, तनू. रेल्वेनं हैदराबादला गेलो आणि तुझ्याच विमानानं परत आलो. तुझी परीक्षा कुठल्या फेरीत, हे तुझ्या भावाला ठाऊक होतं; सुयशनंच तिकीट काढलं. तुला सांगायचं नाही, अशी शपथ मीच घातली होती. चिकलठाण्याच्या विमानतळाअलीकडं आडव्या वाऱ्यात विमान डुललं. मी तोंडातल्या तोंडात चौथीतली कविता म्हणत होतो. शेजारच्या सीटवरच्या द्वारकाबाईंना वाटलं रामरक्षाच. त्यांनीही हात जोडले. मग डुलणं निवत गेलं आणि निजलेल्या लेकराला खाली ठेवावं तशी चाकं टेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बैलांना घालायचो तशी शीळ घातली. द्वारकाबाई दचकल्याच!

कळवलं का नाही, म्हणून भांडशील. पुढची जागा मिळत होती, मी शेवटची मागितली. परीक्षेच्या दिवशी आबाचं वजन तुझ्या धुरेवर नको होतं. इतकी वर्षं तू सरकलीस. काल मी मागं सरकलो, एवढंच.

तुझाच,
शेवटच्या रांगेतला आबा