मुकेशला काहीही न देण्याबाबत आणि सुकटच्या गाण्यांबाबत

मी, उमेश लडक्या वरठा, वय सत्तेचाळीस, धंदा मंडप व साउंड भाड्याने देणे, राहणार तलासरी, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत ठीक आहे. डोकं जागेवर आहे. काही लोक तसं मानत नाहीत, पण ते अल्बमवाले आहेत, त्यांचं कानांच्या बाबतीतही चुकतं. मला कोणी भरीस घातलेलं नाही, धाक दाखवलेला नाही आणि काही पाजलेलं नाही. माझं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत. त्यामुळे माझ्यामागे माझा वारस म्हणजे धाकटा सख्खा भाऊ मुकेश. तसं होऊ नये म्हणून हा कागद.

कलम १. हे आत्ताच का लिहितो

या मे महिन्यात मुकेश माझ्या दुकानात आला. आमचं बोलणं तेव्हा बंद होतं. त्याने खुर्ची स्वतःच ओढून घेतली.

"मुंबईचा एक माणूस आहे. सुकटचे मैदानातले कार्यक्रम त्याला बाजारात आणायचेत. तुझ्याकडची रेकॉर्डिंग दे, मी साफ करून घेतो."

मी म्हणालो, "साफ करायला ती काय गटारं आहेत?"

"नको देऊस. तुझ्यामागे दुसरं आहे कोण? तू गेल्यावर माझ्याकडेच येणार. मी थांबेन."

हे तो रागाने बोलला असता तर मी विसरलो असतो. तो अगदी हिशेबी शांतपणे बोलला. दुसऱ्या दिवशी मी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, मुद्द्याचं तेवढंच लिहा. पण मुद्दा समजायला मागचं सांगावं लागतं, म्हणून पुढचं कलम.

कलम २. सुकट म्हणजे काय

सुकट हा आमच्या भागातला पंक बँड. कचेरीत हा कागद वाचणाऱ्या साहेबांसाठी लिहितो: पंक म्हणजे दोन-तीन सूर, भरधाव वेग, ओरडून म्हणायचं आणि कोणाची परवानगी काढायची नाही. गाणारी तानी, आमच्याच तालुक्यातली, डोंगराकडच्या पाड्यावरची. वापीला शिकायला होती तेव्हा वसतिगृहातल्या एका मुलीच्या फोनवर तिने हे संगीत पहिल्यांदा ऐकलं. ड्रम वाजवणारा काळ्या, जो आधी लग्नाच्या बँडमध्ये होता.

पहिला कार्यक्रम २०१४ च्या डिसेंबरात, तलासरीच्या बाजाराच्या मैदानात. स्पीकर माझे होते. मुकेश वापीहून सुट्टीवर आला होता, तो केबल ओढायला मदत करत होता. तानीचं एक गाणं होतं, 'नाव लिही'. तिची आई तुळशी कुठल्याशा कचेरीत गेली होती. खिडकीतल्या माणसाने तिचं नाव धड ऐकून न घेताच दुसरंच काहीतरी लिहिलं, आणि त्या चुकीच्या नावाने तिला पुढे कितीतरी खेटे घालावे लागले. गाण्याच्या शेवटी तानी फक्त आईचं नाव ओरडायची. तुळशी, तुळशी, तुळशी, घसा फाटेस्तोवर. त्या दिवशी मैदानातल्या एका बाईने मध्येच आपल्या आईचं नाव ओरडलं. मग सगळेच आपापल्या आईचं ओरडायला लागले. मुकेश आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. आम्ही दोघे "बायजी" म्हणून ओरडलो. आमची आई त्याच पावसाळ्यात गेली होती, आणि तोपर्यंत आम्ही दोघांपैकी कोणी तिच्यासाठी रडलो नव्हतो.

यानंतर आमच्यातला पहिला चाहता कोण, यावर मी वाद घालत नाही. दोघेही.

कलम ३. घर

तलासरीच्या राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा, वाटणीपत्राप्रमाणे, मी माझी पुतणी रविना मुकेश वरठा हिला देतो. ती सज्ञान आहे. हा हिस्सा तिच्या एकटीच्या नावावर चढावा. तिच्या वडिलांनी "मी सांभाळतो" म्हटलं तर तिने "मीच सांभाळते" म्हणावं. रविनाला मुकेशने काढलेला सुकटचा अल्बम (कलम ४) आवडतो हे मला माहीत आहे. कानात बोंडं घालून ती तोच ऐकत असते. वय लहान आहे, सुधारेल.

ओट्याच्या मध्यावर जी विटांची भिंत आहे ती मुकेशने २०१८ मध्ये घातली. ती पाडायची की ठेवायची हे रविनाने ठरवावं. पाडल्यास विटा माझ्या बाजूला पडाव्यात असा माझा आग्रह नाही.

कलम ४. अल्बम

२०१७ मध्ये मुकेशने स्वतःचे पैसे घालून मुंबईच्या एका स्टुडिओत सुकटचा अल्बम करवला. त्याने तानीला, काळ्याला सांगितलं की तुम्ही गा, वाजवा, बाकीचं माझ्यावर सोडा. त्यांनी सोडलं. परत आलं ते असं: काळ्याचा ड्रम काढून तिथे कॉम्प्युटरचा ठोका. तानीच्या दोन ओळींमधला श्वास कापलेला. गाण्याआधी ती खाकरायची, ते गायब. आणि 'नाव लिही' मध्ये बासरी. तुळशीचं नाव त्या बासरीच्या मागे, शेजारच्या घरातून हाक यावी तसं.

मी विचारलं, "बासरी कोणी सांगितली?"

मुकेश म्हणाला, "मैदानात ऐकणारी माणसं किती असतात, दादा? हा अल्बम तुळशीबाईंचं नाव नागपूरपर्यंत नेईल. तिथल्या माणसाला पहिल्या झटक्यात कान फाडून घ्यायचा नसतो."

"नाव नेलंस ना. पण ऐकू येत नाही."

"तुला ऐकू येत नाही. स्पीकरसमोर उभं राहून तुझे कान गेलेत."

इथून चाहत्यांचे दोन तट पडले. 'सुकटप्रेमी' नावाचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर आधी कार्यक्रमाच्या तारखा येत, आता शिव्या येऊ लागल्या. घोलवडचा मिथुन, चिकूच्या कलमांची नर्सरी असलेला, त्याने लिहिलं, "लाइव्हला शब्दच समजत नाहीत. अल्बममुळे मला पहिल्यांदा कळलं ती काय म्हणते." मी लिहिलं, "तू मागे वडापाव खात उभा असतोस. पुढे ये, समजेल." त्याने लिहिलं, "उमेशभाई, तुमचे स्पीकर फाटके आहेत आणि तुम्ही त्यालाच कला म्हणता." नरपडच्या पोरांनी त्याला अंगठे दिले. मी मिथुनला ग्रुपमधून काढलं. मुकेशने दुसरा ग्रुप केला आणि माझी अर्धी माणसं तिकडे गेली.

मुकेशने "दादास" असं लिहून सही केलेली अल्बमची प्रत माझ्या कपाटात आहे. ती त्याला परत द्यावी. मी ती ऐकली नाही असं तो सगळ्यांना सांगतो. मी ऐकली आहे, पुष्कळदा. म्हणून तर बोलतो.

एक गोष्ट नमूद करणं भाग आहे. तानीची आई तुळशी कधीच कार्यक्रमाला आली नाही, तिला तो गोंगाट सोसत नाही. अल्बम मात्र ती घरी भाकऱ्या करताना लावते. तिच्यापुरती माझी तक्रार मागे. मुकेशने याचा फायदा घेऊ नये.

कलम ५. स्पीकर, जनरेटर, टेम्पो

हे सगळं काळ्याला. डहाणूच्या कार्यक्रमात त्याचा ड्रम फुटला, तो कोणी भरून दिला नाही. ते प्रकरण वेगवेगळ्या तोंडांनी सांगितलं जातं, म्हणून झालं तसं लिहितो.

२०१८ च्या मार्चमध्ये डहाणूला कार्यक्रम होता. स्पीकर माझे. ऐनवेळी मुकेश लॅपटॉप घेऊन मंचावर चढला. बासरी आणि कॉम्प्युटरचा ठोका मागून वाजवायचा, तानीने त्यावर गायचं, असं त्याचं ठरलं होतं. तानी दोनदा नाही म्हणाली. तो म्हणाला, लोक अल्बम ऐकून आलेत, त्यांना तसंच पाहिजे. 'नाव लिही' सुरू झालं आणि बासरी आली. मी जाऊन लॅपटॉपची वायर काढली. ती मी काढली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढेन. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

अल्बमवाले ओरडायला लागले, "लाव परत." माझी माणसं ओरडायला लागली, "फेकून दे." मग ढकलाढकली झाली, मंचावर माणसं चढली, कोणाचा तरी पाय काळ्याच्या ड्रममधून आरपार गेला. मुकेशने माझी कॉलर धरली होती, मी त्याची. तानी माइकसमोर उभी राहून आम्हा दोघांकडे बघत होती. ती म्हणाली, "आता तुम्हीच गा." माइक खाली ठेवला आणि निघून गेली. सुकटचा तो शेवटचा कार्यक्रम. ओट्यावरची भिंत त्याच आठवड्यातली.

काळ्याने हे स्पीकर कोणालाही भाड्याने द्यावेत. लग्न, पूजा, निवडणूक, काही हरकत नाही. मुकेशला देऊ नयेत.

कलम ६. बँकेतली शिल्लक

माझ्या क्रियाकर्माचा खर्च वजा जाता उरेल ती रविनाला.

कलम ७. मिथुन

घोलवडच्या मिथुनला मी काहीही देत नाही. काही मिळणार नसल्यामुळे तो साक्षीदार म्हणून योग्य ठरतो, असं वकील म्हणाले. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "सही करतो, पण आधी वाचणार." वाचू दे.

कलम ८. ध्वनिमुद्रणं

सुकटचे मैदानातले सगळे कार्यक्रम मी माझ्या मिक्सरवरून उतरवून ठेवले आहेत. ते एका हार्ड डिस्कवर आहेत. दुसरी प्रत नाही. मुकेश थांबला आहे तो यासाठी.

जून महिन्यात मी तानीला भेटायला गेलो. ती आता घोलवडला चिकूच्या पॅकिंग शेडमध्ये देखरेखीचं काम करते. खोक्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावत होती. हात न थांबवता तिने ऐकून घेतलं.

"मला देऊन काय होणार, उमेशदादा? मी पुसून टाकीन."

"सगळं?"

"सगळं. तुमच्या दोघांच्या भांडणाला पुरवायला मी गायले नव्हते. एकाला आवाज फाटकाच पाहिजे, दुसऱ्याला धुतलेला पाहिजे. आई परत कचेरीत गेली होती, तिचं नाव अजून चुकीचंच आहे. एवढी माणसं गाणं घेऊन भांडली, तिच्यासोबत त्या खिडकीपर्यंत एक तरी आला का?"

मी विचारलं, "मग कोणाला देऊ?"

"मलाच द्या. पुसायचं तर माझ्या हाताने पुसलेलं बरं."

म्हणून सदर हार्ड डिस्क, तीवरील सर्व ध्वनिमुद्रणांसह आणि त्यावर माझा जो काही हक्क असेल त्यासह, मी तानी हिला देतो. ठेवायचं, वाजवायचं की पुसायचं, हे ती ठरवेल. तिने पुसल्यास कोणीही हरकत घेऊ नये, मुकेशने तर नाहीच. माझीही हरकत नाही. हे शेवटचं वाक्य मी एकदा खोडलं होतं, ते पुन्हा लिहिलं आहे.

त्या भेटीनंतरच्या सोमवारी मी तुळशीबाईंसोबत कचेरीत गेलो. काम अजून झालेलं नाही. माझ्यामागे ते अर्धवट राहिलं तर वाणगावची माझी माणसं, नरपडची मुकेशची माणसं, ज्यांना कोणाला या बँडबद्दल एवढं बोलायचं असतं, त्यांनी पाळीपाळीने तिच्यासोबत जावं. हे बंधनकारक करता येत नाही असं वकील म्हणतात. मी तरी लिहून ठेवतो.

कलम ९. व्यवस्थापक

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भावजय कविता मुकेश वरठा हिने करावी. भिंतीच्या दोन्ही बाजूंना बोलणारी घरात ती एकटीच आहे. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या बँडपायी माझा ओटा अर्धा झाला. आता हेही मीच करू?" मग म्हणाली, करते. नवऱ्याच्या विरोधात जाणारी कलमं ती प्रामाणिकपणे पाळेल याची मला खात्री आहे, कारण तिला तो अल्बम आवडत नाही. हे तिने मुकेशला सांगितलेलं नाही. आता कळेल.

कलम १०. मुकेश

माझा भाऊ मुकेश लडक्या वरठा यास मी विचारपूर्वक काहीही देत नाही. चुकून राहून गेलं असं कोर्टात कोणी म्हणू नये.

एक प्रसंग लिहितो, तो माझ्या विरुद्ध वापरला जाण्याआधी. या फेब्रुवारीत आपल्याकडे जमीन हलत होती आणि लोक घराबाहेर तंबूत राहत होते. तानीच्या पाड्यावर मी ताडपत्र्या घेऊन गेलो होतो. मुकेशही पाण्याचे कॅन घेऊन आला होता, मला माहीत नव्हतं. तिन्हीसांजेला पोरं भ्यायली, रडायला लागली. तानी उठली आणि माइक नाही, ड्रम नाही, काही नाही, अशी 'नाव लिही' म्हणायला लागली. मध्येच जमीन हलली. कोणी पळालं नाही, सगळे आधीच बाहेर होते. ती थांबली नाही. शेवटी माणसं आपापल्या आईचं नाव घ्यायला लागली, हळू, पोरं घाबरू नयेत म्हणून. तंबूंच्या पलीकडून मला मुकेशचा आवाज आला. "बायजी." मी इकडून म्हटलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही, आणि जाताना बोललो नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी तो माझ्या दुकानात येऊन, तू मरशील तोवर थांबतो, असं म्हणाला. त्यामुळे त्या संध्याकाळी आमच्यात काही मिटलं, असं कोणी धरू नये.

कलम ११. अंत्यविधी

माझ्या मयताला अल्बम वाजवू नये. कार्यक्रमही वाजवू नये. भाषण नको, विशेषतः माझ्या संगीतप्रेमाबद्दल.

मला अग्नी मुकेशने द्यावा. कविताने त्याला निरोप पाठवावा, तो कुठेही असला तरी. तो येईपर्यंत मला हलवू नये. हा मी त्याच्यासाठी ठेवलेला वाटा समजू नये. हा हक्क त्याला बायजीच्या पोटी जन्मल्यामुळे मिळालेला आहे. तो काढून घेणं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी काढून घेतला नसता.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदार समोर असताना मी सही केली, आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण: तलासरी
दिनांक: ८ ऑगस्ट २०१९

सही: उमेश लडक्या वरठा

साक्षीदार १: निलम चिमण धोडी, शिक्षिका, राहणार तलासरी. सही.

साक्षीदार २: मिथुन पांड्या राऊत, नर्सरी, राहणार घोलवड. सही. पूर्ण वाचलं. कलम ४ मधल्या मजकुराशी मी सहमत नाही. सोमवारी कचेरीत तुळशीबाईंसोबत मी जातो.