ग्रहण सुटलं, मुसळ उभंच

ती. सिंधूताईस वरवट बकालहून धाकट्या छायाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटलीकडे पाहूनच बरं वाटतं? आमच्याकडे देवाच्या कृपेनं सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. (कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहिते आहे, राग मानू नको. फेब्रुवारी संपला, त्याचा आता दुसरा उपयोग नाही.)

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुह्या सुनेनं भादव्यातल्या गिऱ्हानात कायतरी चिरलं असन, नाहीतर मोडलं असन. उगाच नाही पोट पडत." फोनवर मी नुसतं 'हाव ताई' म्हणते आणि फोन ठेवल्यावर भिंतीशी भांडते. म्हणून हे पत्र.

होळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ग्रहण होतं, ते तुलाही ठाऊक आहे. पंचांगात 'ग्रस्तोदित' लिहिलं होतं, म्हणजे चंद्र उगवणार तोच ग्रासलेला. मी सकाळपासून वेध धरले. पिण्याच्या पाण्यात, लोणच्यात, दुधात तुळशीपत्र टाकलं. बाल, वृद्ध आणि आजारी यांना वेधात सूट असते, हे मीच मोठ्यानं वाचलं आणि तिथंच चुकले. आमचे हे म्हणाले, "मी तिन्ही आहो," आणि चिवड्याचा डबा घेऊन बसले.

दिवेलागणीला आईच्या पद्धतीप्रमाणे परातीत पाणी घेऊन मुसळ उभं केलं. तुला आठवतच असेल, ग्रहण आहे तोवर मुसळ आपोआप उभं राहतं, आणि सुटलं की पडतं. ते उभं राहिलं. चंद्र लिंबाच्या झाडाआडून वर आला तेव्हाच जवळजवळ मोकळा झाला होता. पंचांग म्हणालं सुटलं, आमच्या सुनेचा, अर्पिताचा मोबाइल म्हणाला सुटलं, गल्लीतल्या बायका अंघोळी करून चुलीशी लागल्या. मुसळ मात्र ढिम्म! मी म्हटलं, मुसळ पडल्याशिवाय घरात चूल पेटणार नाही. हे म्हणाले, "मंग दुसऱ्या गिऱ्हानालेच जेवू. मुसळ तेच ठेवजो."

तेव्हा अर्पिता हसली. ताई, दसऱ्याच्या तोंडावर दवाखान्यातून आल्यापासून ती हसली नव्हती. म्हणाली, "आई, खालचं लोखंडी कडं सपाट हाये न, म्हून उभं राह्यते. गिऱ्हान नसलं तरी राहीन." (बीएस्सी आहे. मी मॅट्रिक. पण हे मला आधीच कळायला हवं होतं, मुसळ माझ्या हातातलं आहे.) मग मोबाइलची बत्ती डब्याला टेकवून तिनं सूर्य केला, कांद्याची पृथ्वी केली, लिंबाचा चंद्र केला. (मुसळाच्या हिशेबानं अजून ग्रहण चालू होतं, त्यात कांद्याला हात लावू नये. पण तो खायचा नव्हता, शिकायचा होता, म्हणून मी बोलले नाही.) लिंबू कांद्यामागं गेलं की काळं पडलं. ते चंद्रग्रहण. लिंबू बत्ती आणि कांद्याच्या मधात आलं की सूर्यग्रहण. मी विचारलं, मग दर पुनवेला का होत नाही? तर चंद्राची वाट जराशी तिरपी आहे. बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. कधीतरी तिघं एका रेषेत सापडतात. हे म्हणाले, "सापडलेच हायेत तं लिंबू पिळा, कांद्याचे भजे तळा."

मी उगाच विचारलं, "यात चूक कोणाची गं? कांद्याची का लिंबाची?"

"कोणाचीच नाही, आई. जो तो आपल्या वाटेनं चालते."

एवढं बोलली आणि लिंबू हातातच राहिलं. "मंग माह्यं काऊन गेलं, आई? मी तं कूसही बदलली नोयती."

ताई, तुला उत्तर द्यायचं होतं ते हे. भादव्यातल्या त्या ग्रहणात मी तिच्या खोलीच्या दारात माळ घेऊन बसले होते. ती पाठीवर सरळ निजून होती. तहान लागली तरी पाणी मागितलं नाही. काही चिरलं नाही, काही मोडलं नाही. मी देवाचं सगळं करते, पुढंही करीन, पण देवासमोर खोटी साक्ष देणार नाही. त्या संध्याकाळी मी तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत बसले. ह्यांनीच उठून मुसळ आडवं केलं आणि म्हणाले, "सुटलं. सूनबाई, ऊठ, मले तुह्याच हातचं वाढ." चिवड्यानं पोट भरलेलं होतं, तरी दोन भाकरी खाल्ल्या, दुसरी तर डोळे पुसत पुसत.

मुलांना आशीर्वाद, तुझ्या सूनबाईला, काजलला सांभाळ.

तुझी,
छाया

ता. क. काजलच्या डोहाळजेवणाचं आवतन तू मला एकटीला दिलंस. 'पोट पडलेलीची सावली नको' असं तू म्हणाली नाहीस, पण मला ऐकू आलं. सावली कशी पडते ते वर लिहिलं आहे. आवतन अर्पिताच्या नावानं येऊ दे. ती काजलची ओटी भरील, मी तिच्यामागं उभी राहीन. नाहीतर मीही येणार नाही.

ता. क. २. हे म्हणतात, तुमची ताई ऐकणार नाही. अर्पिता म्हणते, "आई, तुम्ही एकल्या जा, वाद नका करू." आणि काजलसाठी हिरव्या खणाची चोळी बेतायला बसली आहे. माप ठाऊक नाही म्हणून कात्री हातात धरून थांबली आहे. माप मला कळवू नकोस, मी सांगणार नाही. तिलाच फोन कर.