पेटीला लावलेला पेचकस

उस्ताद, या दोन मधपेट्या मला खरोखर कितीला पडल्या ते तुम्हालाच सांगतो. पैसे सोडा. एक सुजलेला डोळा, बायकोचा अबोला, आणि गच्चीवरून खाली उतरायची चोरी.

लातुरात पंपाच्या मोटारींच्या दुकानावर मी आता होस्टेल बांधलंय. क्लासला आलेली पोरं खाली घोकत असतात आणि वर गच्चीवर, पाण्याच्या मोटारीला लागून, माझ्या पेट्या. पहिली मी रोज उघडायचो. राणीमाशी दिसते का, अंडी घातली का. चौकट उचल, परत ठेव. एका दुपारी सगळ्या माश्या उठल्या, एक मला डोळ्याला डसली, बाकीच्या रेणापूरच्या अंगानं निघून गेल्या. पेट्या देणारा हसला. "शेठ, कुणी रोज छप्पर काढून बघितलं तर तुम्ही तरी राहताल का?" तेव्हा तुम्ही आठवलात. उदगीरला तुमच्या दुकानात शिकताना मी चांगली चालती मोटार खोलून बसलो होतो आणि तुम्ही माझ्या हातातला पाना काढून घेतलात. "चलती चीज कू खोलने का नै. पहले कान दे."

म्हणून दुसऱ्या पेटीला तुमच्या माघारी माझ्याकडे आलेला तुमचा पेचकस लावला. टोक पेटीला, लाकडी मूठ कानाला, तुम्ही मोटारीला करायचात तसं. भूकंपाच्या साली पत्र्याच्या वस्तीत आपण बोअरवर मोटार बसवली, ती सुरू झाली, जमीन घरघरली आणि एक म्हातारी हातातलं पीठ टाकून बाहेर पळाली. तुम्ही पेचकस पाइपाला टेकवून मूठ तिच्या कानाशी धरलीत. "ऐक माय. मोटार हाय, जमीन न्हाई." ती बराच वेळ ऐकत राहिली. मग आत जाऊन परत पीठ मळायला बसली.

पोरांच्या आंघोळीच्या वेळी मी रोज गच्चीवर जातो, ऐकतो. आत एकसारखी घूंघूं. पेटीच्या दारात माश्या मात्र कमी दिसू लागल्या, खाली मेणाचा भुगा सांडू लागला. डोळा म्हणतो उघड, कान म्हणतो थांब. बायको म्हणाली, अहो, एकदा बघा तरी. मी तिच्यावर डाफरलो. जिन्यात पोरांना सांगितलं, माझ्या कानाला फसवणारी मशीन अजून लातुरात आलेली नाही, माशीचं काय घेऊन बसलात.

काल सकाळी मूठ कानाला होती आणि वीज गेली. पेटी एकदम गप्प झाली. मी पेचकस खाली ठेवला. मग झाकण काढलं. पोळ्यावर मेण खाणाऱ्या किड्यांची जाळी, माशी एकही नाही.

हे पत्र पेचकसाच्या डब्यात ठेवून देतो. रोज ऐकत होतो ती पेटीशेजारची पाण्याची मोटार होती, उस्ताद. तिचं वायंडिंग मीच केलेलं आहे.