पेन्सिलीतलं पाऊल

तीर्थरूप पणजोबा,

आज तुमची पेटी उघडली. सकाळी शाळा, दुपारी जोडे शिवणं, त्यातून वेळ काढून शाई घरी उकळायचात आणि पक्की म्हणून मिरवायचात म्हणे. त्याच शाईनं आतल्या वहीचा कागद खाल्लाय! ओळींच्या जागी भोकं पडलीत. पेन्सिलीनं घेतलेली गिऱ्हाइकांची मापं मात्र जशीच्या तशी आहेत.

त्यात एक चिमुकलं पाऊल आहे. शेजारी पेन्सिलीनंच लिहिलंय, 'बोटभर वाढीव धरलं होतं. जोडे झाले, घालायला लेक राहिली नाही.' खाली तिचं नाव तेवढं शाईनं, घोटीव अक्षरात लिहिलंत. मास्तर ना तुम्ही! तिथे आता भोक आहे. विचारायचं कोणाला? घरात तुम्हाला पाहिलेलं कोणी उरलं नाही.

हे सगळं पेन्सिलीनं लिहिलंय.

तुमची पणती